झोंबिवलीचे पाणी

स्नेहसंमेलनाला दीड महिना उरला असताना आमच्या नववीच्या मुलांनी एक मागणी पुढे केली. नाटुकले नको, समूहनृत्यही नको. विज्ञान मंडळातर्फे मोबाइलवर दहा मिनिटांचा भयपट काढू द्या. आम्ही माजिवड्याच्या एका शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. विज्ञान मंडळाच्या नावावर भुते नाचवायची, ही कल्पना शिक्षकखोलीत कोणालाच रुचली नाही. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून देवळांसमोर रांगा लागल्या होत्या. तेव्हा चमचा आणि दूध घेऊन वर्गावर्गांत पृष्ठताण समजावून सांगणारी आमची पिढी. पिंपळावर मुंजा नसतो हे सांगण्यात उमेद गेली, आणि आता त्यालाच रंगमंचावर बोलवायचे?

मुलांचे म्हणणे वेगळे होते. त्यांना मुंजा नकोच होता. त्यांनी ‘झोंबिवली’ पाहिला होता आणि “आपल्या भागातली भीती” दाखवायची होती. हे शब्द त्यांचेच. मग आम्हीही तो चित्रपट पाहिला, एकदा मुलांबरोबर आणि एकदा त्यांच्याशिवाय. भीतीचा चित्रपट विज्ञानाच्या शिक्षकाने कसा तपासावा, या प्रश्नातून हे लेखन झाले.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. चालत्या प्रेतांची म्हणजे झोंबींची मोठी फौज मराठी पडद्यावर त्याआधी कोणी आणली नव्हती, म्हणून हा प्रयोग म्हणायला हरकत नाही. नावातली कोटी मराठीत फारच सहज बसते. मिरची झोंबते, गार वारा झोंबतो, पहिलवान एकमेकांना झोंबतात. आनंद यादवांच्या १९८७च्या ‘झोंबी’चा भुतांशी काही संबंध नाही, तेथे झोंबी आहे ती शिक्षणासाठी परिस्थितीशी घेतलेली. हैतीहून अमेरिकेमार्गे आलेला परदेशी शब्द डोंबिवलीच्या पाटीवर असा चपखल बसावा, याला नशीबच म्हणायचे.

कथा थोडक्यात अशी. एक तरुण अभियंता गर्भवती पत्नीसह डोंबिवलीतील नव्या उंच इमारतींच्या संकुलात राहायला येतो. संकुलाला लागून झोपडपट्टी आहे. इमारतींना पाणी मिळते, वस्तीला मिळत नाही. वस्तीतला एक तरुण या पाण्यासाठी भांडतो आहे. अशात माणसे चावू लागतात, चावलेली माणसे उठून दुसऱ्यांना चावतात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना एकत्र जीव वाचवावा लागतो.

या कथेसाठी डोंबिवली निवडणे हा दिग्दर्शकाचा सर्वांत चांगला निर्णय आहे, असे आम्हाला वाटते. या गावाला भयपटाची सजावट लागत नाही. जानेवारी २०१४मध्ये येथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२०मध्ये औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला मुख्यमंत्री आले. २६ मे २०१६ला आणि पुन्हा २३ मे २०२४ला तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. माणसे मेली, आणि दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता एखाद्या पटकथेत लिहिला असता, तर निर्मात्याने “जरा जास्तच होतंय” म्हणून खोडला असता. पिढ्यान्‌पिढ्या जे लोक संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने घरी येतात, त्यांच्या नाकाला या वासांची सवय झाली आहे. सवय झालेल्या गोष्टीची पुन्हा भीती वाटायला लावणे, हे भयपटाचे खरे काम.

चित्रपटाचा पूर्वार्ध हे काम करतो. संकुलाचे फाटक, पहारेकरी, भिंत, भिंतीपलीकडचे रिकामे हंडे, हे सारे आम्ही रोज पाहतो. माजिवड्याला पूर्व द्रुतगती महामार्ग आणि घोडबंदर रस्ता मिळतात. उड्डाणपुलावरून पाहिले तर एका नजरेत जुने गावठाण, पत्र्यांची वस्ती आणि कोलशेत-बाळकुमच्या बाजूला बंद कारखान्यांच्या जमिनींवर उठलेले तीस-तीस मजले दिसतात. घोडबंदर पट्ट्यातील पाण्याचा प्रश्न २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. टँकर दोन्हीकडे येतो. एकीकडे तो सोसायटीच्या टाकीत रिकामा होतो, दुसरीकडे त्याच्यामागे रांग लागते. आमच्या वर्गात दोन्हीकडची मुले एकाच बाकावर बसतात. चित्रपट पाहताना ती वेगवेगळ्या ठिकाणी हसली आणि वेगवेगळ्या ठिकाणी गप्प झाली.

आता झोंबीविषयी. प्रत्येक समाजाची भुते त्या समाजाच्या धास्तीतून जन्मतात. आपल्याकडची अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत. घराघरांत बाया बाळंतपणात मरत होत्या, त्या काळाची ती भीती आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी जो मुलगा गेला तो मुंजा. लहान वयात मुले मरत होती म्हणून तो पिंपळावर बसला. हैतीचा झोंबी असाच आहे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवत. मेल्यावर तरी सुटका होईल ही एकच आशा होती, आणि भीती ही की मेल्यावरही कोणीतरी उठवून पुन्हा मळ्यावर जुंपेल. १९३२च्या ‘व्हाइट झोंबी’ या अमेरिकी चित्रपटात ही प्रेते साखरेच्या घाण्यावर काम करताना दिसतात. चावणारा, साथीसारखा पसरणारा झोंबी पुढे जॉर्ज रोमेरोने १९६८मध्ये आणला, आणि १९७८मध्ये त्याने आपली प्रेते एका मॉलमध्ये फिरायला सोडली. सवयीने खरेदीला येणारी प्रेते! माजिवड्याच्या नाक्यापाशीही मोठा मॉल आहे. रविवारी संध्याकाळी तेथे गेलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागू नये.

म्हणजे झोंबी कुठलाही असो, तो कशाचा तरी झालेला असतो. राबण्याचा, उपभोगाचा, युद्धाचा. ‘झोंबिवली’तला झोंबी पाण्याच्या अन्यायाचा व्हायला हवा होता. येथेच आमची तक्रार सुरू होते. उत्तरार्धात चावणे, पळणे, दार लावणे आणि विनोद यांची गर्दी होते. आजार कोठून आला याचा धागा आहे, पण त्याच्याकडे बघायला पळणाऱ्या पात्रांना वेळ नाही आणि दिग्दर्शकालाही नाही. सुरुवातीला आपल्याला पाण्याची भीती वाटत असते. शेवटी फक्त दातांची वाटते. भीतीचा विषयच बदलला.

साथीचा प्रसार दाखवणे आणि साथीचे कारण दाखवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलांना हे गणिताने पटवता येते. समजा, एक झोंबी तासाला एका माणसाला चावतो आणि चावलेला लगेच त्याच कामाला लागतो. दर तासाला संख्या दुप्पट. २०११च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२,४७,३२७. वीस तासांनी झोंबी होतात १०,४८,५७६ आणि एकविसाव्या तासात शहर संपते. रात्री नऊला पहिला चावा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सारे आटोपले. आमच्या एका विद्यार्थिनीने लगेच शंका काढली: “अर्धे लोक झोंबी झाल्यावर समोर येणारा दर दुसरा झोंबीच असणार, मग चावायला नवीन कोण मिळणार?” अगदी बरोबर. वेग मंदावतो. याच शंकेवर साथींचे गणित उभे आहे.

ते गणित १९२७मध्ये केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी मांडले. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांचे डोळे गेले होते. मॅकेन्ड्रिक हे हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते, कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. त्यांनी माणसांचे तीन गट केले: अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साथीतून बाहेर पडलेले. आपले समीकरण तपासायला त्यांनी जे आकडे घेतले ते होते मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले. आठवड्याचे मृत्यू चढत जातात, शिखर गाठतात, उतरतात. आणि समीकरणाची रेषा त्या ठिपक्यांवरून सुरेख जाते. २००९मध्ये कॅनडातील काही गणितज्ञांनी याच पद्धतीने झोंबींचे गणित मांडले. त्यात तिसरा गट कायमचा बाहेर पडत नाही, मेलेले परत येतात, त्यामुळे रेषा खाली उतरायचे नावच घेत नाही. तातडीने आणि जबर प्रतिकार केला तरच माणसे टिकतात, असा त्यांचा निष्कर्ष. विषय गमतीचा असला तरी पद्धत खरी होती.

पण मुंबईच्या त्या सुरेख रेषेत एक मेख आहे. समीकरणात प्लेग माणसाकडून माणसाकडे जातो असे धरले आहे. प्रत्यक्षात मुंबईचा गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. पॉल-लुई सिमों याने १८९८मध्ये कराचीत ते दाखवले आणि पुढे मुंबईतच प्लेग संशोधन मंडळाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. रेषा जुळली म्हणजे कारण सापडले असे नव्हे. लोकांची भीती तर भलतीकडेच होती. १८९६ला मांडवीत प्लेग आला तेव्हा माणसे गोदामातल्या उंदरांना भ्याली नाहीत. ती भ्याली इस्पितळाला, घर तपासायला येणाऱ्या गोऱ्या शिपायांना आणि एकमेकांना. त्यांतली शिपायांची भीती अनाठायी नव्हती, पुण्यात त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. तरीही पिसू कोणाच्या दुःस्वप्नात आली नाही.

‘झोंबिवली’ हीच चूक करतो असे आमचे मत आहे. तो रेषा दाखवतो, पिसू दाखवत नाही. आणि गंमत अशी की ‘पिसू’ त्याच्या हाताशी होती. अपुरे पाणी दिवसातून तास-दीड तास सोडतात. उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. आत दाब नसला की गंजलेल्या सांध्यांतून, भेगांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. आणि बऱ्याच ठिकाणी ती वाहिनी गटारालगतच गेलेली असते. त्यातून काविळीची ई जातीची साथ येते. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत मैलापाणी पुरवठ्यात शिरून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती ई काविळीची साथ होती हे पुष्कळ वर्षांनी कळले. २०१२मध्ये आपल्या इचलकरंजीत हीच साथ आली होती. हा आजार बहुतेकांना होतो आणि बरा होतो. गर्भवती स्त्रीला मात्र तो शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

म्हणजे पाहा, चित्रपटात पाणी आहे, भिंत आहे आणि गर्भवती नायिकाही आहे. पण तिचे गरोदरपण कथेत येते ते पळण्यातली अडचण म्हणून, काळजी वाढवायची युक्ती म्हणून. भिंतीच्या अलीकडे राहूनही पाणी तिच्यापर्यंत पोहोचेल, ही भीती आम्हाला जाणवली नाही. अळवंतिणीला जन्म देणाऱ्या समाजाकडे ही भीती उसनी आणावी लागत नव्हती.

उलट उदाहरण मराठीतच आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७मध्ये आला. त्याच दिग्दर्शकाने २०२१मध्ये तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत पुन्हा केला. पूजा सावंत यांनी केलेली नेहा आठ महिन्यांची गर्भवती आहे. नवऱ्यामागे कर्जवसुलीचा ससेमिरा, म्हणून दोघे ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या फडातल्या घरी लपायला येतात. ड्रायव्हरच्या बायकोच्या, तुळसाबाईच्या भूमिकेत उषा नाईक आहेत. उसात मुले लपाछपी खेळतात, गाणे ऐकू येते, आणि तीही भरदुपारी. अंधाराचा आधार न घेता उसाच्या फडात वाट हरवल्याची भीती दिग्दर्शकाने उभी केली आहे. हळूहळू उलगडते की या घराला मुली नको होत्या, जन्मलेल्या मुली विहिरीत गेल्या. भुतांना आपण भीत होतो. भ्यायला हवे होते ते गरोदर सुनेला वाढून देणाऱ्या, मायेने बोलणाऱ्या बाईला.

या चित्रपटात कारण एकदाही नजरेआड होत नाही. आणि ते कारण बाहेर मोजता येते. गर्भलिंगनिदानावर बंदीचा कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८मध्ये देशातले पहिले राज्य. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तो आकडा ८०७वर गेला होता. त्याच जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला. हैतीचा ऊस आणि आपला ऊस यांत शंभर गोष्टी वेगळ्या आहेत. तरी भुताने दोन्हीकडे उसाचाच फड धरावा, हे आमच्या डोक्यातून जात नाही. ‘लपाछपी’तही दोष आहेत. काही ठिकाणी आवाजाने दचकवण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरलेला नाही, आणि शेवटी सारे समजावून सांगणारे बोलणे जरा लांबते. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण भुताविषयी बोलत नाही.

‘तुंबाड’चा उल्लेखही येथे करायला हवा. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८चा चित्रपट हिंदी असला तरी माती आणि पाऊस कोकणचा आहे. त्यातल्या हस्तरकडे सोने आहे, धान्य नाही. कणकेची बाहुली खाण्यात तो गुंतला असेल तेवढ्यातच मोहरा काढून घ्यायच्या. नियम एवढाच आणि शेवटपर्यंत तो पाळला जातो. म्हणूनच लोभी माणूस जेव्हा नियमातून जास्तीचा फायदा काढायला जातो तेव्हा काय होणार हे आपल्याला आधी कळते, आणि भीती वाटते ती त्या कळण्याची. प्रयोगात जसे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तसेच हे.

आम्ही मुलांना शेवटी परवानगी दिली, पण एक अट घातली: तुमच्या राक्षसाला काय हवे, तो कशाने वाढतो आणि कशाने थांबतो, हे आधी एका कागदावर लिहून आणा. चित्रीकरण नंतर. पहिला कागद आला त्यात झोंबीच होते. दुसऱ्यात लिफ्टमध्ये अडकलेला मुलगा होता. ती बावीस मजल्यांवर राहणाऱ्यांची भीती. वस्तीतल्या मुलांना लिफ्टची भीती समजेना. तिसऱ्या कागदावर वाद झाला आणि त्यातून टाकी आली: इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, जी भरली की खालच्या वस्तीतले कोणीतरी आजारी पडते. “वॉलमन भूत आहे की माणूस?” यावर दोन दिवस भांडण चालले. शेवटी माणूसच ठरला, कारण एका मुलाने विचारले की भुताला ड्यूटीची वेळ कशी असेल.

गच्चीवर चित्रीकरणाला सोसायटीने नकार दिला. मग टाकी शाळेच्या मागच्या रिकाम्या पिंपातच झाली. आवाजासाठी मुलांनी बरेच काही करून पाहिले: पत्र्यावर खडे, बाटलीत फुंकर, उलटी वाजवलेली घंटा. यातले काहीच कोणाला भिववेना. तेव्हा वस्तीत राहणाऱ्या एका मुलीने घरून मोबाइलवर एक आवाज टिपून आणला. पहाटे पावणेपाचला पाणी यायच्या आधी कोरड्या नळातून हवा सुटते, आधी सुस्कारा, मग घशातल्यासारखी खरखर, मग एकदम काहीच नाही. वर्गात तो ऐकवला तेव्हा तिच्या शेजारी बसणाऱ्या, समोरच्या टॉवरमधल्या मुलाने कानावर हात ठेवले आणि विचारले, “हे कोण आहे?”